फोटोच्या काठावर

ऑफिसात सगळे तिला चिकटताई म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कामच तसं होतं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बसून ती सरकारी वेबसाइटी जतन करायची. एक प्रोग्रॅम ठरवून दिलेल्या साइटींवर रोज फेरी मारायचा, पान जसं दिसेल तसं उचलून आणायचा आणि तारखेसकट ठेवून द्यायचा. एकदा ठेवलेल्या पानाला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला नियम. सरकारी खात्यांना काल आपणच बोललेलं आज नकोसं होतं, तेव्हा कुणीतरी चिकट असायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

बोगदे बांधणाऱ्या खात्याच्या साइटीवर मात्र ती वेगळ्याच कारणाने डोळ्यात तेल घालून बसलेली असायची. तिचा दादा त्यांच्या बोगद्यात कामाला होता. एके दिवशी बोगदा बसला, आत चिखल शिरला आणि दादा घरी आलाच नाही. खात्याने सरळ कानावर हात ठेवले. असा माणूस आमच्याकडे कधी कामालाच नव्हता म्हणे. बाबांनी दाद मागितली, आणि आता सुनावणी तोंडावर आली होती. हातात पुरावा एकच, खात्याच्याच साइटीवरचा कामाच्या पहिल्या दिवशीचा फोटो. बोगद्याच्या तोंडाशी हेल्मेट घातलेल्या माणसांची रांग, खाली नावं, आणि अगदी डाव्या काठावर, अर्धा खांदा चौकटीबाहेर गेलेला दादा. साइटीवरून आधी तो फोटो गेला, मग साइटच गेली. पण तिच्याकडे प्रत होती, आणि ती सुनावणीतच बाहेर काढायची असं ठरलं होतं.

साइट बंद पडली की ती रोजच्या फेरीतून काढून टाकायची असते. ते राहून गेलं. तसं बिघडत काही नाही, प्रोग्रॅम हात हलवत परत येतो, एवढंच. या वेळी तो फोटो घेऊन आला.

तिला वाटलं, जुनीच प्रत कुठेतरी अडकून पुन्हा आली असेल. तिने दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितल्या. नव्या फोटोत दादाचा खांदा पूर्ण होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला ऑफिसात मामा म्हणत. मामांनी ओळखीतून खात्यात फोन लावला, सवयीने दोन विनोदही केले, आणि फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ज्या मशीनवर ती साइट होती ते केव्हाच भंगारात गेलं होतं. ही फेरी बंद कर बाई, एवढं बोलून ते खाली चहाला गेले.

तिने बंद केली नाही. मेलेल्या साइटीवरून पान येतंय तर येऊ दे. पुसणारे वेगळे आणि आपण वेगळे.

फोटो रोज डावीकडे पसरत गेला. आधी चिखल आणि तारेचं कुंपण दिसलं, मग डांबरी रस्ता, मग दुकानांची ओळखीची शटरं. रांग तिकडे मागे, बोगद्याशीच राहिली. दादा मात्र दर वेळी डाव्या काठावर असायचा. भीती वाटत होती तिला. पण रागाने त्या भीतीला पुरून उरायचं ठरवलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, संचालक साहेब तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, पाठीला कणा नव्हता इतकंच. वरून फोन आलाय, वाद कशाला वाढवायचा, नोकरीचा विचार कर, असं बरंच गोल गोल बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. बोगद्याच्या पानाची प्रत आजच काढून टाकायची होती.

ती खुर्चीतून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा. तुमच्या पासवर्डने, तुमच्या हाताने काढा. माझ्या हातून होणार नाही. आणि कुणी काढली ते मी सुनावणीत सांगेन."

साहेब बसले. पासवर्ड टाकला. बोट बटणापर्यंत नेलं.

तेवढ्यात त्या दिवसाची फेरी संपली आणि नवा फोटो पडद्यावर आला.

रस्ता संपून ग्रंथालयाचं फाटक लागलं होतं. मग जिना. मग हीच खोली, हेच टेबल. खुर्चीत पाठमोरे साहेब, डोक्यावरच्या टकलासकट. आणि काठावर, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, दादा.

साहेबांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

तिने बटणाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली,

"दाबा ना साहेब. थांबलात का?"

साहेब हळूच उठले. खुर्चीच्या पाठीला कुठेही अंग लागू न देता, बाजूने, अंग चोरून बाहेर पडले.

तिने सुनावणीची वाट न बघता जुनी प्रत वकिलांना पाठवली. पाठोपाठ वर्तमानपत्रांना पाठवली. आता ती कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हती.

खोलीत ओल्या मातीचा वास दाटला होता. रिकामी खुर्ची एकदा करकरली.

आता मात्र तिला रडू फुटलं.

"झालं रे काम," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. "आता घरी जा, दादा. बाबा वाट बघतायत."

वास हळूहळू विरत गेला. ती डोळे पुसून सामान आवरत होती, तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा लागत होता, फक्त शेजारी कुणी ऐकत असल्यासारखा बारीक केलेला.

"अगं, त्याला बूट बाहेरच काढायला सांगू का? चिखल फार आहे."