दादाने धरलंय

पंचवीस डिसेंबरची सुट्टी माणसाने घरी झोपून काढावी. माझी गेली ती लाल कपड्यांतल्या चार बैलांना हाकण्यात.

ही अक्कल महेशची. तो कंपनीच्या कामाने लंडनला जाऊन आला होता. तिथे म्हणे नाताळात लोक सांताक्लॉज बनून या बारमधून त्या बारमध्ये पीत फिरतात. लंडनला थंडी असते. इथे उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, भरदुपारी, ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेले जाड कपडे, हातमोजे आणि कापसाच्या दाढ्या घालून चौघे घामाने निथळत होते: महेश, हिंदुराव, शंकर आणि माझा धाकटा भाऊ विक्रांत. शेवटच्या बारआधी जो दाढी काढेल त्याने सगळ्यांचं बिल भरायचं, असा वर नियम. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल असायला काय हरकत आहे?

आम्ही बौद्ध. आमच्या घरात दारूला जागा नाही आणि भुताखेतांनाही नाही. विक्रांत तेवढा प्यायला लागला. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी आईला स्पष्टच सांगितलं, लिव्हर संपत आलंय, पुन्हा प्यायला तर हाती लागणार नाही. त्याने आईच्या पायांना हात लावून सोडली. आज मित्रांबरोबर नुसता सोडा पिईन म्हणाला. आईने त्याच्या मनगटाला रक्षणासाठी परित्राणपाठाचा पांढरा दोरा बांधला आणि मला सांगितलं, "राजरत्ना, त्याला एकटा सोडू नको."

म्हणून मी गेलो. पहिल्याच बारमध्ये विक्रांतच्या हातात ग्लास दिसला आणि मी तो सगळ्यांसमोर ओढून हुंगला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सोडाच होता. हिंदुराव फिदीफिदी हसला. दाढीच्या वर विक्रांतचे डोळे भरून आले.

"एवढा भरवसा नाय, तर हात धरूनच बस ना, दादा," तो म्हणाला आणि उठून बाथरूमला गेला.

बऱ्याच वेळाने परत आला. काही न बोलता शेजारी बसला आणि हातमोजा घातलेला हात माझ्या हातात दिला. बाही आणि मोज्याच्या मधे पांढरा दोरा दिसत होता. रागावला असेल, रागावू दे. मलाही राग आला होता. मी हात धरूनच बसलो.

तसेच महेशच्या व्हॅनमधून अंबरनाथला आलो. स्टेशनजवळच्या बारमध्ये आम्ही टेकतो न टेकतो तोच वेटर म्हणाला, तुमच्यातला एक आत्ताच बसून गेला, पाणी न घालता प्यायला. महेशने वेटरला पढवून ठेवलंय हे मी ओळखलं आणि महेशलाच झाडलं. तो शपथा घ्यायला लागला. दारुड्यांच्या शपथा. शंकर तोवर गाणं म्हणत होता आणि आख्खा बार आमच्याकडे बघत होता. माझं डोकं उठलं. विक्रांतसाठी मागवलेला सोडा मात्र काठोकाठ तसाच राहिला. बुडबुडे विरून गेले. त्याने ओठही लावला नव्हता.

मोज्यातून हात गार लागत होता. एवढ्या उकाड्यात.

बदलापूरला जाताना चिखलोलीच्या रस्त्यावर मी विक्रांतला समजावलं, चिडवलं, चुकलो म्हणालो. तो समोर बघत राहिला. "बास कर रे आता, बोल काहीतरी," मी म्हणालो. त्याने फक्त हात आवळला.

बदलापूरच्या बारमध्ये गल्ल्यावरचा माणूस आम्हाला बघून उठलाच.

"तुमचा भाऊ रडत होता, साहेब. खूप झाली, बस कर, बोललो मी. ऐकला नाय."

"माझा भाऊ हा इथे आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्या शेजारी पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तो पण तेच बोलला. बोलला, दादाने मला तिकडे धरलंय. मी मोकळा."

मला भीती वाटली. शेजारच्या दाढीकडे माझा हात गेला नाही. व्हॅन बुवापाड्याला, घरी घे, एवढंच मी महेशला म्हणालो. माझा आवाज ऐकून त्याने लगेच गाडी वळवली.

चाळीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी जवळजवळ धावत होतो. पावलाला पाऊल लावून दुसरी पावलं येत होती, हात अजून सुटला नव्हता.

आमचं दार उघडं होतं.

"कुठं होतास तू?" आई आतून म्हणाली. "रिक्षावाला सोडून गेला त्याला. शेजारचा सोमा डॉक्टरला आणायला गेलाय."

खाटेवर लाल कपड्यांत विक्रांत पडला होता. दाढी गळ्याशी लोंबत होती. उशीवर काळपट रक्त. डोळे हळदीसारखे. मनगटावर पांढरा दोरा.

त्याने मला ओळखलं.

"दादा," तो म्हणाला, "हात दे."

मी पुढे झालो. उंबऱ्यातच अडकलो.

त्याचा हात खाटेवरून माझ्याकडे आलेला होता. मी माझा हात ओढला, पुन्हा ओढला.

माझ्या मागे, दाराबाहेर, मोज्यातली बोटं सावकाश आवळत गेली.