कोरडा दगड

आमची खाण संपत आली होती. डोंगरापलीकडे तांब्याची नवी शीर सापडली तर वस्ती राहणार, नाहीतर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. म्हणून मी आणि दाजी जीप घेऊन निघालो. गल्लीत निम्म्या घरांना कुलपं. ताई तेवढी दारात उभी होती.

"काही नाही सापडलं तरी चालेल," ती म्हणाली. "तुम्ही दोघं परत या."

दगड बघायची आमची रीत साधी. फोडायचा आणि चाटायचा. कोरडा दगड नुसता करडा दिसतो. ओला झाला की, तांबं असेल तर, आतले बारीक पितळी कण चमकतात. दाजी दिवसभर दगड चाटत फिरायचे.

"ताईच्या हातचं जेवण सोडून हे?" मी विचारायचो.

"ह्यात मीठ तरी बरोबर असतं."

मग जीपचा पाटा तुटला आणि ती जागीच बसली. चालत परत निघालो, तर चढावर माझ्या हातून पाण्याचा कॅन निसटला. खाली आपटला, फुटला. माझ्या कमरेच्या बाटलीच्या तळाशी होतं तेवढंच पाणी उरलं. आजूबाजूला झाड नाही, पाखरू नाही. हाक मारली तर स्वतःचा आवाजसुद्धा परत येत नव्हता.

घळीत उतरताना दाजींचा पाय घसरला. वरून दरड सुटली! मी त्यांची कॉलर धरली. ओढलं. दगड शेजारून गडगडत गेले. धूळ खाली बसली, आणि उघड्या पडलेल्या कड्यात एक काळपट पट्टा शिरेसारखा आडवा गेलेला दिसला.

मी तुकडा फोडला. जीभ लावली. जीभ तशीच चिकटली. तोंडात थुंकीच नव्हती.

"बाटली ओत त्यावर," दाजी म्हणाले. त्यांचे ओठ फुटले होते, डोळे मिटत होते. "मी काही पोचत नाही आता. निदान बघून तरी घेऊ दे."

झाकण उघडून मी बराच वेळ तसाच बसलो. मग त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट त्यांच्या तोंडात सोडला.

"दगड खिशात घालतोय. घरी बघू. दोघं."

"गाढव आहेस," ते म्हणाले. पण उठले.

वस्तीचे दिवे दिसले तेव्हा ते माझ्या खांद्यावर जवळजवळ लटकत होते. दिवेही मोजकेच.

ताईनं आधी आम्हाला पाणी पाजलं. मग तो तुकडा नळाखाली धरला, सगळ्या बाजूंनी फिरवला.

करडा. नुसता करडा.

"ह्याच्यावर ओतायला सांगत होतो मी," दाजी म्हणाले.

ताईनं तो दगड दाराला टेकू म्हणून लावला आणि आत जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. रिकाम्या गल्लीत तो आवाज लांबपर्यंत गेला.