वायफायवरची मुऱ्हाळी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात ब्राह्मणपुरीची कुत्रीसुद्धा भुंकायचं टाळतात. शांतीबाईंचं तोंड मात्र सकाळपासून थांबलं नव्हतं. खापरावरची पोळी जाड झाली म्हणून सुनेला, आंबे आंबट निघाले म्हणून पोराला, आणि सगळ्यांत जास्त त्या वायफायच्या काळ्या डबीला. तिच्यावरचा हिरवा दिवा मध्येच लाल व्हायचा आणि शांतीबाईंची इज्जत नदीत अडकायची.

इज्जतीचाच प्रश्न होता. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला लेक माहेरी येते, आणि ती एकटी येत नाही. माहेरचं माणूस मुऱ्हाळी होऊन जातं, सासूचा निरोप घेतं आणि तिला घेऊन येतं. शांतीबाईंची नात हेमांगी यंदा लग्न होऊन कॅनडात गेली होती. तिची सासू गजराबाई लोणखेड्याची, पण सध्या लेकाकडे कॅनडातच मुक्कामाला. परवा फोनवर ती गोड आवाजात म्हणाली होती, "विहीणबाई, मुऱ्हाळी नही उना तर लोक म्हनतस, माहेरन्यांनी पोर टाकी दिनी."

"टाकाले ती काय ऊसनं चिपाड शे?" शांतीबाई कडाडल्या. "मुऱ्हाळी येई. मी सोता येस."

पासपोर्ट नाही, विमानाची धास्ती, गुडघे दुखरे. पण शांतीबाईंकडे गेमचा डबा होता.

तो हेमांगीचाच. कॉलेजात असताना घेतलेला, लग्नानंतर टीव्हीखाली राहिलेला. त्यात चौकोनी विटांचं एक जग होतं. हेमांगीनं त्यात हे घर बांधलं होतं, अंगण आणि फाटकासकट, आणि पार दुसऱ्या टोकाला तिचं कॅनडाचं घर. मध्ये नदी. आजीसाठी तिनं हिरव्या लुगड्यातली एक बाई केली होती, बसायला घोडा दिला होता आणि रिमोटवर कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं होतं. शांतीबाईंना सही करताना पेन जड व्हायचं, पण घोडा त्या असा पळवायच्या की धीरज, त्यांचा पोरगा, म्हणायचा, "माय, तू ट्रॅक्टर चालाडी नही हाई गावनं नशीब."

दिवस कलला. तिकडे सकाळ झाली. फोन मोबाइलच्या रेंजवर लावून टीपॉयवर उभा केला, म्हणजे बोलणं सुरू राहील. शांतीबाई घोड्यावर निघाल्या. ऊस, केळी, टेकडी, नदी.

नदीत घोड्याचे पाय बुडाले आणि चित्र थिजलं. दिवा लाल.

"हेमांगी, अडकनू वं मी!"

"अडकनी कोठे?" फोनवर हेमांगी हसली. "वलांडी ना नदी. चाली ऱ्हायनी तू."

धीरजनं समजावलं की इकडचं नेट तुटलं तरी तिकडे आपला माणूस थोडा वेळ चालताना दिसतो. मग त्यानं डबीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. डबीच्या अगदी पुढ्यात पितरांची घागर होती. काठोकाठ भरलेली, तोंडावर खरबूज ठेवलेली. सकाळी खुद्द शांतीबाईंनीच ती तिथे मांडली होती.

"माय, पानीमाईन सिग्नल जात नही."

"मंग त्याले सांग, बाजूनी जाय. पितरनी घागर आज हालाव नही."

घागर हलली नाही, डबी हलली. धीरजनं ती धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवली. शांतीबाई पुन्हा निघाल्या. नदी आली. दिवा लाल.

"आते तू दारमा उभी शे," हेमांगी सांगत होती. "पदर बी सारखा करी ऱ्हायनी. कसं करस ते? कोनतं बटन?"

शांतीबाईंनी रिमोटकडे पाहिलं. पदराचं बटण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पत्रा बी सिग्नल अडावस," धीरज म्हणाला, जरा घाईनं. कोठीवरून डबी खिडकीत गेली. त्यानं मोबाइलवर काहीबाही बदललं, डबी बंद करून चालू केली. सीमा, त्याची बायको, परातीत पुरण घेऊन दारात येऊन उभी राहिली. सून असली तरी आज ती सासूच्या बाजूनं होती. प्रश्न तिच्याच लेकीचा होता.

तिसऱ्यांदाही नदी आणि तिसऱ्यांदाही लाल.

"आजी," हेमांगी म्हणाली, "तू फोनवर बोलस आनि हेडफोनमा बी बोलस. दोन्हीकडथून कशाले? हेडफोनमा आवाज लांबथून येस, पन गोड येस हां. असं गोड तू कधी बोलनी नही."

"काय म्हननू मी?"

"हाईच की, घाई नको करू, आधी सासूना निरोप घे, तिनी हो म्हटल्याबिगर पोर उंबरा वलांडत नही."

मागून गजराबाईंचा खूश आवाज आला, "विहीणबाई, मुऱ्हाळी रीतनी शे हां! मी दिना निरोप!"

सीमा हसली. शांतीबाईंनाही पहिल्यांदा छाती फुगल्यासारखं वाटलं. मग त्यांनी धीरजला विचारलं, "मन्हा आवाज या डबामा कोठून जास रे?"

धीरज डब्यामागच्या वायरी चाचपत होता. त्यानं मान वर केली नाही. "माईक लायेलच नही, माय."

शेवटी त्यानं केळीच्या पंपाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची लांब केबल सोडवून आणली, खिडकीतून आत घेतली आणि डबीपासून थेट गेमच्या डब्यात खोचली. आता हवेचं काम उरलं नव्हतं. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

शांतीबाई निघाल्या. नदी आली. घोडा पाण्यात उतरला आणि पलीकडे चढलासुद्धा. सीमानं टाळी वाजवली. कॅनडाचं चौकोनी घर दिसलं. दार सताड उघडं होतं. शांतीबाईंनी आत डोकावलं. पलंग, चूल, खिडकी. माणूस नाही.

"हेमांगी, कोठे शे तू?"

"कोठे म्हंजे? तुन्हा मांगे बसेल शे ना घोडावर." पोर मजेत होती. "नदी लागनी, आजी. पानी कितलं काळं दिसस."

शांतीबाईंच्या घोड्यावर मागे कुणी नव्हतं.

नेटचं काय झालं, ते त्यांनी या वेळी विचारलं नाही. घोडा वळवला आणि पळवला. बटण इतकं दाबलं की अंगठा पांढरा पडला. नदी, टेकडी, केळी, ऊस. पुढे कुणीच दिसत नव्हतं. धीरज मागे उभा राहून "सावकाश, माय" म्हणत होता आणि स्वतःच श्वास रोखून होता.

घर आलं.

अंगणात लाल साडीतली हेमांगी उभी होती. उड्या मारत होती.

"उनी मी! उनी माहेरले! मम्मी, दिसस का मी?"

"दिसस वं माय!" सीमाचे डोळे भरले. पुरणाचा हात तिनं तसाच गालाला पुसला. धीरज मोठ्यानं हसला. शांतीबाईंनी सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा सोडला की फोनवर गजराबाईंनाही तो ऐकू गेला असेल. पोर धड होती. माहेरी होती. पहिली अखाजी चुकली नव्हती.

मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

बाहेर एक घोडा होता. त्याच्याजवळ हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. शांतीबाईंची बाई अंगणात, आणि ही फाटकाबाहेर.

"कोन शे ती?"

"अरे हां, तू तर इथे शे," हेमांगी गोंधळली. "मंग ती..." थोडा वेळ ती हेडफोनमधलं ऐकत राहिली. "आजी, ती मधी येत नही. म्हनस, मी या घरनी नही. माले आठून एक लेक लई जानी शे."

"माले लेवाले मन्हा भाऊ तर उद्या येवाव शे," सीमा म्हणाली. तिचं माहेर दोन गावं सोडून होतं.

घरात लेक म्हणावी अशी दुसरी एकच बाई होती. शांतीबाईंचं माहेर तापीकाठी होतं. गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्यानंतर भाऊ गेले. त्यांना न्यायला येईल असं कुणी कुठल्याच काठावर उरलं नव्हतं.

"ती इचारस," हेमांगीचा आवाज बारीक झाला, "शांती तयार शे का."

या घरात त्यांना नुसतं शांती म्हणणारं कुणी नव्हतं.

शांतीबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. पदर सारखा केला. नाकपुडी फुगली, तशी ती भांडणाच्या आधी फुगायची.

"तिले सांग, हेमांगी. सासूना निरोप घेवाबिगर पोर उंबरा वलांडत नही, हाई तूच म्हननी ना? मंग आयक. या घरनी सासू आते मी शे. आनि मी निरोप देत नही."

सीमाला हसू आलं. ते तिनं पदरात दाबलं. पलीकडे हेमांगी कुणाशी तरी हळू बोलत होती.

"आजी, ती हसनी," ती म्हणाली. "म्हनस, बरं. घाई नही. बसस मी."

फाटकाबाहेरची बाई खाली बसली. एक गुडघा उभा, एक मोडलेला, हात उभ्या गुडघ्यावर टाकलेला.

"देखं का? रीतनी बाई शे," शांतीबाई म्हणाल्या. "सीमा, पोळ्या वाढ आते. भूक लागनी माले."

धीरज जागचा हलला नाही. टीव्हीवरची नजर न काढता त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"माय," तो म्हणाला, "या खेळमा घोडावर बसता येस, होडीमा बसता येस. जमिनीवर नही येत. या मानसंसले गुडघाच नही शेतस."