फॉर्मवर मी टाकलेला पत्ता

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात, भर दुपारी घडलेली आहे. पटो न पटो, मी तेव्हापासून दाराला आतून दोन कड्या लावते.

आमच्या शाळेजवळच्या चौकात सिग्नल हवा म्हणून मोहीम चालू होती. पाठिंब्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे. अडीच वर्षांच्या लेकीला, आमच्या ढब्बूला, झोपवायचं आणि बसायचं.

त्या मंगळवारी एक फॉर्म अर्धवट निघाला.

नाव : आजी. बस, एवढंच.

फोन नाही. पत्ता नाही.

पाठिंब्याचं कारण : 'माझी नात इथेच गेली.'

तो बाजूला टाकवेना. पण फोन-पत्त्याशिवाय नोंद पुढे सरकतच नव्हती. मग मी माझाच नंबर टाकला. पत्ताही आमचाच. नंतर बदलू, म्हटलं.

गुरुवारी मी उरलेले फॉर्म आणायला बाहेर पडले. घरी नवरा आणि ढब्बू.

वाटेत, घरोघरी जाऊन फॉर्मची पडताळणी करणाऱ्या ताईचा फोन.

"अगं, यादीत तुझंच घर निघालं. सासूबाई गोड आहेत हं तुझ्या. ढब्बूला कडेवर घेऊनच दार उघडलं."

माझ्या सासूबाई परगावी असतात...

मी धावत घरी आले. नवरा लॅपटॉपसमोर.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. बेलसुद्धा वाजली नाही. ढब्बू झोपलीये."

झोपलीच होती. शांत.

फक्त... केसांच्या दोन घट्ट वेण्या.

"वेण्या तू घातल्यास?"

"मला स्वतःचा भांग धड पाडता येत नाही. वेण्या कुठल्या घालतोय?"

संध्याकाळी चौकातल्या झेरॉक्सवाल्या काकांना फॉर्म दाखवला. मोहिमेचे फॉर्म त्यांच्याच दुकानात भरून घ्यायचे.

"ती आजी होय? नात गेल्यापासून रोज इथे उभी असायची. दिसेल त्या पोराचा हात धरून रस्ता पार करून द्यायची. फॉर्म भरला अन् चौथ्या दिवशी तीही गेली."

"राहायची कुठे?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, बाई."

नोंद पुसायचा अधिकार मला नाही. पत्ता तेवढा बदलता येतो. रिकामा सोडता येत नाही.

एकदा ताईचा पत्ता अर्धा टाइप केला. मग आठवलं, तिला सातवा महिना आहे.

पुसला.

आजही त्या रकान्यात आमचंच घर आहे.

सिग्नल अजून लागलेला नाही. काल चौक ओलांडताना ढब्बूचा डावा हात मी घट्ट धरला होता.

उजवा तिने वर धरला होता... मोठ्या माणसाच्या हातात द्यावा तसा.

मी हाताला हिसका देऊन तिला कडेवर उचललं.

उजवा हात लगेच सुटला नाही.