खांद्यावरची रेघ

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून धाकटी चित्रं काढायला लागली, तेव्हा घरात कुणी आकांडतांडव केलं नाही. दादा तेवढा म्हणाला, "शास्त्रज्ञबाई, आता निदान पाण्याचा रंग तरी नीट काढा."

एका बुकबाइंडरच्या दुकानामागची खोली तिने स्टुडिओ म्हणून घेतली. उत्तरेला उंच खिडकी, एक लांब टेबल, लाकडी खुर्ची आणि भिंतीला टेकवलेले कोरे बोर्ड, एवढंच सामान. दुकानातून दिवसभर खळीचा वास यायचा आणि कागद कापायच्या यंत्राचा दबका धप्प आवाज.

नोकरी सुटली, पण सवयी सुटल्या नाहीत. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरांत तारीख, वेळ, प्रकाश आणि समोरच्या वस्तूचं अंतर लिहायची. दर शनिवारी तिची चित्रं बघायला येणारे तिचे सर त्यावरून चेष्टा करायचे. "औषधाच्या बाटलीवर असतं तसं लिहितेस. वापरायची मुदतही लिहीत जा."

सरांनीच तिला आंधळी रेघ शिकवली होती. नजर समोरच्या माणसावर ठेवायची, कागदाकडे एकदाही बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. डोळा माणसाच्या कडेवरून मुंगीसारखा सरकेल, तसंच पेन कागदावर सरकायला हवं. पाच मिनिटं. चित्र वेडंवाकडंच येतं, पण हात डोळ्याचं ऐकायला शिकतो. "माहीत असलेलं काढू नकोस," सर म्हणायचे, "दिसतंय ते काढ." हे तिला पटलं होतं. प्रयोगशाळेतही वेगळं काय शिकवलं होतं?

समोर बसायला माणूस घरचाच होता. चार महिन्यांपूर्वी दादाच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. स्वतःच्या ताकदीने ताठ बसायला सहा महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले होते. हा गडी विसाव्या दिवशी उशी बाजूला सारून बसला. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा उलटसुलट करून पाहिले. "काटक आहेत," ते शेवटी म्हणाले. धाकटीला ते उत्तर आवडलं नव्हतं. कारण सापडत नसलं की प्रयोगशाळेतले लोकही असलाच एखादा शब्द शोधायचे.

सकाळी वहिनी कामावर जायची आणि दादाला एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून दहा ते एक तो धाकटीच्या खुर्चीत बसायचा.

"फुकटचा मॉडेल मिळालाय तुला," तो म्हणायचा. "हलू नको, बोलू नको. लग्नाची सवय आहे म्हणून जमतं."

बाराव्या दिवशी तिने पाच मिनिटं संपवून कागदाकडे पाहिलं. नाक गालावर आलं होतं, एक कान वाऱ्यावर गेला होता, म्हणजे नेहमीसारखंच. पण मानेवरून उतरलेली रेघ डाव्या खांद्यावर येऊन वर उठली होती. चार लहान उंचवटे घेऊन ती पुन्हा खांद्याला मिळाली होती आणि दंडावरून खाली गेली होती.

स्वेटरच्या चुण्या असतील. तिने दुसऱ्या दिवशी दादाला स्वेटर काढायला लावला. उंचवटे आले. या वेळी प्रत्येकाच्या टोकाला एक बारीक कंस होता. नखासारखा.

तिने जुने कागद काढून क्रमाने टेबलावर मांडले. पहिल्या दिवसापासून त्या जागी काहीतरी होतं. आधी नुसता फुगवटा, मग दोन गाठी, मग चार. हात सरावला तसं तेही स्पष्ट झालं होतं. चित्रातली एवढी एकच गोष्ट दिवसेंदिवस सुधारत गेली होती.

घाबरण्याआधी तिने तपासून पाहिलं. खुर्ची दुसऱ्या भिंतीशी नेली. अंतर दोन मीटरवरून तीन केलं. उंचवटे तिथेच येत राहिले. रिकामी खुर्ची काढली, खुर्चीच आली. बाइंडरकाकांना विनंती करून बसवलं. ते सारखे दुकानाकडे बघत होते, त्यामुळे मान तीनदा आली, पण खांदे स्वच्छ आले. मग तिने दादालाच कागदाकडे बघत, नेहमीच्या पद्धतीने काढलं. नुसता दादा. खांद्यावर काही नाही.

म्हणजे ते फक्त दादाजवळ होतं, आणि ती कागदाकडे बघत नसेल तेव्हाच यायचं.

शनिवारी दादा दुकानात बाइंडरकाकांशी गप्पा मारत असताना तिने सरांपुढे सगळे कागद ठेवले. सरांनी ते एकेक करून पाहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"अंगठा नाही दिसत," ते म्हणाले. "म्हणजे तो मागच्या बाजूला आहे. कुणीतरी मागे उभं आहे."

"सर, थट्टा करू नका."

"करत नाहीये." त्यांनी एका बोटाची रेघ नखाने हलकेच गिरवली. "दाबतोय की धरतोय?"

"म्हणजे?"

"नुसत्या रेघेत वजन कळत नाही. हात कुठे आहे ते कळतं, किती जोर लावतोय ते नाही. त्याला छाया भरावी लागते."

"छाया भरायची तर कागदाकडे बघावं लागेल. आणि बघितलं की तो नसतो."

"हो ना," सर म्हणाले. कागद गोळा करून त्यांनी नीट एकावर एक रचले. "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. आणि घाई करू नकोस."

पण तिच्या डोक्यात तो प्रश्न बसला होता. सोमवारी फ्रेम मोजायच्या निमित्ताने तिने दादाचे दोन्ही खांदे जमिनीपासून मोजले. डावा खांदा सव्वा सेंटिमीटर वर होता. जड पिशवी अडकवलेला माणूस त्याच बाजूचा खांदा नकळत उचलून धरतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे ओझं होतं. म्हणजे दाबत होतं. चार महिने तिचा भाऊ ते ओझं घेऊन बसत होता, आणि ती त्याची चित्रं काढत होती.

"शिंप्याचा धंदा सुरू केलास का?" दादाने विचारलं.

"गप्प बस."

"बसलोच आहे."

मंगळवारी तिने ठरवलं. रेघ खांद्यावर पोचली की हात वर ओढला जायचा. ती जागा आता तिला पाठ झाली होती. तिथे पेन उचलायचं आणि दंडावर टेकवायचं. मधलं काही येऊच द्यायचं नाही. यातून काय होईल हे तिला सांगता आलं नसतं. पण तो हात येत होता तिच्याच पेनातून, आणि पेन तरी तिच्या ताब्यात होतं.

दहा वाजून चाळीस मिनिटं. ढगाळ प्रकाश. दोन मीटर दहा. पुढे दुकानातलं यंत्र चालू होतं.

कपाळ. नाक. हनुवटी. मान. पेन खांद्यावर आलं आणि बोटांत ती ओळखीची ओढ जाणवली, वरच्या बाजूला. तिने पेन उचललं.

कसलाही आवाज झाला नाही.

"अरे," दादा म्हणाला. जरा आश्चर्याने, कुणी खुर्ची मागे सरकवल्यावर म्हणावं तसं.

मग त्याची मान डावीकडे कलली. खांदा गेला. पाठ गेली. दोरीवरून ओली चादर घसरावी तसा तो खुर्चीच्या हातावर घसरत गेला. डोळे उघडे होते, पण तिच्याकडे बघत नव्हते.

"दादा!"

ओठ हलले. शब्द आला नाही.

फोन टेबलावर होता. दार आठ पावलांवर होतं. दादा चार पावलांवर होता. आणि पेन हातात होतं.

तिने पेन कागदावर टेकवलं.

नजर दादावर. आता कड कुठली कुठे गेली होती, तरी ती शोधत गेली. कपाळ. गाल. मान. खांदा. तिथे ती थांबली आणि वाट बघू लागली.

ओढ येईना.

"ये," ती म्हणाली. आपण मोठ्याने बोललो हे तिला कळलं नाही. "चुकलं माझं. ये."

यंत्राचा धप्प आवाज झाला. आणखी एक. मग पेन हललं. अगदी थोडं, वर. एक उंचवटा. नंतर, बऱ्याच वेळाने, दुसरा.

तिसऱ्यासाठी ती थांबून राहिली. पेनाखाली शाईचा डाग पसरत गेला.

दादाने श्वास घेतला. मान थोडी वर आली, पूर्ण नाही. "डोळा लागला वाटतं माझा," तो जाड जिभेने म्हणाला. "अशी का बघतेस?"

दोन बोटं. तिने कागदाकडे पाहिलं, आणि ती दोन्ही बोटं खांद्यावर टेकलेली नव्हती. नुसती टोकं अडकली होती, सुटत आल्यासारखी.

पेन टाकून ती धावली. खुर्चीच्या मागे जाऊन तिने डाव्या हाताने दादाचा डावा खांदा घट्ट धरला. बोटं पुढे, अंगठा मागे.

आणि वजन आलं.

नुसतं खांद्याचं नव्हे. मान, छाती, पाठीचा एकेक मणका, सगळा दादा तिच्या मनगटात उतरला. तिने पाठ मागच्या भिंतीला रेटली. हे चार महिने कुणीतरी असंच पेललं होतं. आता पेलत नव्हतं.

"हां," दादा म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ झाला होता. तो ताठ बसला होता, रोजच्यासारखा. "आता बरं वाटतंय. काय गं, आज अगदी प्रेम उतू चाललंय? जा, तुझी पाच मिनिटं पुरी कर."

"करते," ती म्हणाली.

तिने फक्त करंगळी उचलून पाहिली.

दादाची मान केसभर कलली.

तिने करंगळी परत ठेवली.