माळकऱ्याची लाल दारू

१९५३ साल. मी वाटूरच्या शाळेत मास्तर होतो. भुताखेतावर माझा इश्वास न्हाई, अन् भुजंगरावाच्या दारूवर तर मुळीच नव्हता.

भुजंगराव गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस. पण कुणीतरी त्याला सांगितल्तं, आपला काळा दगड म्हंजे जुना ज्वालामुखी, इथल्या द्राक्षाची लाल दारू बिलकुल झकास होईल. यानं दौलताबादहून वेल आणून खडकाळ माळावर लावले. दारू झाली. मंग ध्यानात आलं, माळकऱ्यानं ती चाखायची कशी?

साळूबाई, त्याची बायको, कुदळ घेऊन तयारच होती. "उद्या आबकारीचे सायब चाखायला येऊन राह्यले. त्यांनी तोंड वाकडं केलं की वेल उपटून ज्वारी पेरीन."

"म्हसोबाला चाखवली ना!" भुजंगराव म्हणाला. बांधावर लिंबाखालचा शेंदूर फासलेला दगड, तोच म्हसोबा. "सांजच्याला वाटी ठेवतो, सकाळी रिकामी. देवाला आवडली मास्तर!"

"देवाला का कोतवालाला?"

त्या सांजेला मी दगडाभोवती चुलीतली राख पसरली. चोराचं पाऊल उमटलंच असतं.

सकाळी गेलो. वाटी रिकामी. राखेवर मुंगीचंबी पाऊल न्हाई.

दगडबी न्हाई.

दगड भुजंगरावाच्या मळ्यातल्या खोपीत होता. दारूच्या रांजणाला टेकून.

"तुम्ही हलवला?"

"म्या? देव?" भुजंगरावानं माळच धरली.

तेवढ्यात सायबाची जीप आली. सायबानं घोट घेतला, डोळे मिटले, अन् बूट काढून एका पायावर नाचायला लागले. "बहुत खूब! पण जमीन काहून तापली हो?"

मी हात लावून पाह्यला. जमीन गार होती.

सायब नमुन्याची बाटली घेऊन बदनापूरला गेले. मी मागं वळून पाह्यलं तं रांजणाजवळ दगड नव्हता.

दुसऱ्या दिवशी सायबाचा चपराशी मोटारीनं आला. "रांजणच द्या म्हणले. जल्दी."

"एवढी आवडली?" भुजंगराव फुलला.

"नेलेली बाटली सायबानं शिवलीबी न्हाई. आपोआप रिकामी. अन् दारात दगड येऊन बसलाय, सायबाला बाहेर निघता येईना. आम्ही ढकलून पाह्यला, हलंना."

पाणी प्यायला त्यानं ओंजळ पुढं केली. तळवे शेंदरानं लाल.

साळूबाईनं कुदळ हळूच भिंतीला टेकवली अन् घागर उचलली.

"वेलांना पाणी घाला," ती म्हणाली. "त्याला कमी पडायला नको."