नात्याचा रकाना

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या भुवयांवर ऐंशी वर्षांची धूळ होती. चिखलीजवळच्या एका गावातली शाळा... लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या रजिस्टरांच्या ढिगामागून तो शिंकतच उठला आणि मला हसू आवरेना.

"हसा मॅडम, हसा! तुमच्याच आजोबाले शोधून राह्यलो."

तो संघपाल सर, त्या शाळेतला शिक्षक; माझा अर्ज त्याच्याकडेच आला होता. मी अनुपमा, बीबी गावची. तलाठी म्हणून माझी निवड झाली होती, पण सहा महिन्यांत जातपडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर नोकरी हातची जाणार होती. त्यासाठी आजोबांची, म्हणजे जानराव अवसरमोल यांची, जुनी शाळानोंद हवी होती. ते या गावात शिकले, एवढंच घरी माहीत होतं; त्यांच्या वडिलांचं नावही कोणाला आठवत नव्हतं.

"अवसरमोल म्हणून शोधाल तर जन्मात सापडायचे नाहीत," तो म्हणाला. "एक गुरुजी औसरमोल लिहितात, दुसरे औसरमल. आडनाव राहू द्या बाजूले. नाव पाहा, जन्मसाल पाहा."

"तुम्हाले लय माहीत आहे."

"मी बी औसरमोलच ना!"

काळजात चर्र झालं. ओळख होऊन दहा मिनिटं झालेली, अजून धड बोलणंही नाही, आणि मला वाईट कशाचं वाटत होतं? एक आडनाव म्हणजे भावकी. भावकीत सोयरीक होत नाही.

मग दर शनिवारी मी एसटीने जायची. दुपारी शाळा रिकामी झाली की आम्ही एकेक पान उलटायचो. तो खिशातून भाजलेल्या शेंगा काढायचा, सोलून दाणे माझ्यापुढे सरकवायचा, आणि टरफलं मात्र स्वतःच्याच टेबलावर ठेवायचा. कधी एकाच ओळीवर दोघांची बोटं यायची... कोणी पटकन उचलायचं नाही.

"आडनाव एक असलं म्हणजे घराणं एकच असते, असं काही नाही," तो मधूनच म्हणायचा.

"मी कुठं काय म्हटलं?"

"नाही... सांगून ठेवलं."

पाचव्या शनिवारी नोंद सापडली. *जानराव उकंडा औसरमल, जन्म १९३८.* मी आनंदाने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचं बोट त्या ओळीवरच अडकलेलं.

"उकंडा... माहे पणजोबा."

म्हणजे त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. म्हणजे माझं काम फत्ते! वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची पडताळणी झालेली असली की आपली सोपी होते, आणि त्याची झालेली होती. त्याने वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिलं की संपलं. मी नाचायला हवं होतं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "ता..." आणि पुढचं अक्षर गिळून तो तांब्याभर पाणी प्यायला.

त्यानंतर शाळेत जायचं कारणच उरलं नाही. तरी शनिवारी सकाळी मी वेणी घालून तयार होऊन बसायची. आई विचारायची, "कुठं चालली बाई?" कुठं सांगू? मला तो हवा होता, आणि कागद म्हणत होता तो माझा भाऊ आहे.

तीन आठवड्यांनी तो प्रतिज्ञापत्र घेऊन घरी आला. घरातल्या जुन्या माणसाचा अंगठा हवा होता. जनकाबाई, आजोबांची धाकटी बहीण, त्यासाठीच सासरहून आणलेली, अंगणात उन्हात तूर पाखडत बसली होती.

"हे पोरगं कोनाचं वं?"

"भाऊच आहे माझा," मी जमिनीकडे बघत म्हटलं. "उकंडा औसरमोलांचा पणतू."

आजीचं सूप थांबलं. "उकंडा? तो तं आमचा मामा!"

"म्हणजे आजोबाचा बाप नाही?" मी विचारलं.

"आमचा बाप लवकर गेला. मामानं जानूले शिकाले नेलं. मास्तरनं पुसलं, पोरगं कोनाचं? मामा म्हने, माहं! बापाविना हाय हे जानूच्या कानी पडू नये म्हून. मंग मास्तरनं मामाचंच नाव लिवलं, आडनाव बी. तेच चिकटलं. आपन तं बीबीचे डोंगरदिवे."

माझे डोळे भरून आले. कोण कुठला तो मामा, आणि किती सहज म्हणाला, माझं. पण मग लक्षात आलं... संघपालचं रक्त माझ्या वडिलांकडचं नाही. म्हणजे हा कागद खोटा. सगळं पहिल्यापासून शोधायचं.

संघपाल हळूच म्हणाला, "आपण गप्प राह्यलो तं तुझं काम होते, अनुपमा. नोकरीचा सवाल आहे. सही मी केली आहे."

पहिल्यांदाच तो मला अनुपमा म्हणाला होता. मी कागद हातात घेतला. खाली त्याची सही होती. पण 'अर्जदाराशी नाते' हा रकाना कोरा.

"हे काऊन नाही भरलं?"

"तीन हप्ते झाले, रोज पेन घेतो. भाऊ लिहू लागलो की... हातच चालत नाही."

मी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. मुदत चारच महिने उरली होती.

"डोंगरदिवे किती तऱ्हेनं लिहितात, सर?"

"लय तऱ्हेनं," तो म्हणाला. "एकट्या माणसाचं काम नाही ते."

"मग शनिवारी बीबीच्या शाळेपासून सुरू करू. शेंगा मी आणते."

आजी आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. मग सूप बाजूला ठेवून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अवं, भाऊ म्हून पानी बी नाही इचारलं त्याले! मामाच्या घरचा सोयरा हाय तो. चहा ठेव."

मी आत पळाले. दोघांसाठी चहा ठेवला आणि किती वेळ नुसती उकळीकडे बघत उभी राहिले.